मृगाच्या आत वाक: साताऱ्यात भारी लाकडी धनुष्य आणि त्याचे तीर करताना

"धामण आणलीय, माळ्यावर टाकतोय," असं घरी सांगितलं तेव्हा स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न आला, "जिवंत की मेलेली?" आमच्याकडे धामण म्हणजे साप. पण धामण नावाचं झाडही आहे. ते सह्याद्रीच्या उतारांवर येतं आणि संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, म्हणजे धनुष्याशी असलेलं नातं नावातच बसलंय. कावडीची काठी, कुऱ्हाडीचा दांडा, जिथे लाकडानं वाकून पुन्हा सरळ व्हायला हवं तिथे जुने सुतार धामण शोधायचे. त्याच लाकडातून लढाईत वापरत तसलं भारी धनुष्य आणि त्याला जुळणारे तीर कसे करायचे, ते इथे सांगतो.

भारी म्हणजे किती? दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर जेवढं ओझं येतं ते धनुष्याचं वजन. धनुर्विद्या म्हटलं की साताऱ्यात आता अदिती स्वामीचं नाव निघतं. २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी ती जगज्जेती झाली. तिचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे चाकांचं. पूर्ण ओढलं की बहुतेक ओझं चाकं स्वतःवर घेतात. लाकडी धनुष्यात असली दयामाया नाही. जितकं ओढाल तितकं ओझं वाढत जातं आणि सगळ्यात जास्त ओझं नेमकं शेवटच्या इंचात असतं.

इंग्लंडच्या लांब लाकडी धनुष्यांनी १३४६ साली क्रेसीला आणि १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच सरदारांची फळी मोडली. पण ती धनुष्यं नेमकी कशी होती हे हातात आलं ते फार नंतर. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं. त्यात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर तीर मिळाले. धनुष्यं यू नावाच्या लाकडाची, सरासरी साडेसहा फूट लांब. त्यांच्या वजनाचा अंदाज १०० ते १८५ पौंड, म्हणजे ४५ ते ८४ किलो. आपण ४५ किलोचं करणार आहोत. त्या जहाजावर ते अगदी हलक्यांत जमा झालं असतं.

आपल्याकडच्या फौजांतली कमान वेगळी. शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे धागे सरसानं चिकटवून ती करत. ते शास्त्र निराळं आणि फार वेळ खाणारं, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

आधी पंचांग

हे काम पंचांग बघून करावं लागतं. मुहूर्तासाठी नाही, हवेतल्या ओलाव्यासाठी. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. धनुष्याला लाकडात ८ ते १० टक्के ओलावा हवा. वैशाखात तो आपसूक मिळतो, पण आषाढात तेच लाकूड पंधराच्या पुढे जाऊ शकतं. ओलं लाकूड मोडत नाही, ते त्याहून वाईट करतं: वाकतं आणि वाकलेलंच राहतं.

माझं पहिलं धनुष्य मी आषाढात तासलं. बाहेर धो धो पाऊस, आत निवांत वेळ, किती छान. दोन आठवड्यांत दोरी उतरवल्यावरही ते चार इंच दोरीकडे झुकलेलं राहिलं आणि ४० किलोचं ३२ वर आलं. लाकडाचा दोष नव्हता, महिन्याचा होता.

तेव्हापासूनचं माझं वेळापत्रक असं. तोड मार्गशीर्ष-पौषात. मग पुढचं एक वर्ष पूर्ण वाळवण, एक पावसाळा माळ्यावर काढून. माघ-फाल्गुनात चिकटवणं. चैत्र-वैशाखात तासणं आणि वाक जुळवणं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागायच्या आत पॉलिशचे सगळे हात मारून धनुष्य बंद. मेढ्याला किंवा कोयनेकाठी राहत असाल तर यात आणखी पंधरा दिवसांची घाई ठेवा. दहिवडीवाल्यांनी मात्र उलटी काळजी घ्यावी: तिथल्या उन्हाळ्यात लाकूड फार कोरडं पडून ठिसूळ होतं, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

लाकूड

धामण वखारीत सहसा तयार मिळत नाही, सांगून ठेवावी लागते. मालकीच्या रानातली असली तरी तोडण्याआधी वनखात्यात विचारा, कारण महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं काही जातींना मालकालाही परवानगी लागते. अभयारण्याच्या हद्दीतलं काही उचलायचा विचारही नको. घेताना पावती घ्या.

खोड सहा ते आठ इंच व्यासाचं, सात फुटांत एकही मोठी गाठ नसलेलं हवं. सालीवरच्या भेगा वर जाताना पिळत गेल्या असतील तर आतला रेषाही पिळलेला असतो. असं खोड फुकट मिळालं तरी घेऊ नका. करवतीनं चिरायच्या आधी पाचरी मारून उभं फाडा. करवत सरळ जाते पण रेषेला विचारत नाही, पाचर मात्र रेषेच्याच वाटेनं जाते. फाडलेला तुकडा सरळ निघाला तर तुमचं निम्मं नशीब उघडलं.

दोन्ही कापलेल्या टोकांना लगेच ऑइल पेंटचे दोन हात द्या. टोकांतून पाणी फार पटकन जातं आणि भेगा पडतात. साल काढा, सावलीत आडवं ठेवा, खाली तीन ठिकाणी पट्ट्या. तीन-चार महिन्यांनी दोन इंच चौरस राहील इतपत कडेनं कमी करा म्हणजे पुढचं वाळणं भरभर होतं. वाळलं की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दर रविवारी वजन करून लाकडावरच पेन्सिलीनं तारीख आणि आकडा लिहा. उन्हाळ्यात सलग तीन रविवार आकडा हलला नाही की लाकूड तयार.

धामण नाहीच मिळाली तर बाभूळ चालते. चिवट आहे, पण सरळ सात फूट बाभूळ दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. सागाच्या नादी लागू नका. दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं काही नाही, पण एवढ्या ताणाखाली तो तडकतो.

पाठीला कळक

धनुष्य वाकतं तेव्हा समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मोडतं ते बहुतेक वेळा पाठीकडून. नुसत्या धामणीचंही धनुष्य होतं, पण मग पाठीवर वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. पहिल्याच धनुष्याला हे जमत नाही. म्हणून मी पाठीला बांबूची पट्टी लावतो. बांबूच्या सालीलगतचे तंतू ताण सोसण्यात फार पक्के असतात.

यासाठी कळक घ्या, जाड, चार इंची, तीन-चार वर्षांचा. कोवळा कळक वाळताना आक्रसतो आणि त्याला भुंगाही लवकर लागतो. अमावस्येला तोडला तर भुंगा लागत नाही असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. तिथीचं मला माहीत नाही, पण थंडीत तोडलेल्या बांबूत साखर-पिष्ट कमी असतं आणि किडा त्यासाठीच येतो, एवढं खरं. शेतातल्या बांबूला परवान्याची कटकट आता नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही.

दीड इंच रुंद, सात फूट लांब पट्टी चिरा. सालीकडची बाजू रंध्यानं अजिबात तासायची नाही. वरचा मेणचट थर तेवढा काचेच्या तुकड्यानं हलका खरवडा, पेरांचे उंचवटे पॉलिश पेपरनं मऊ करा, पण सपाट करू नका. सगळी जाडी आतून कमी करायची: मधोमध ५ मिलिमीटर, टोकांना अडीच. पट्टी जाड ठेवली तर पाठ पोटापेक्षा बलवान होते आणि पोटाचं लाकूड चिरडलं जातं. पट्टीच्या कडा लगेच मोडा, नाहीतर बांबूची कूस बोटात गेली की दोन दिवस रंधा धरता येत नाही.

चिकटवणं

धामणीची पट्टी साडेसहा फूट लांब, १२ सूत रुंद (सुतारी सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग), मधोमध १० सूत जाड आणि टोकांना ५ सूत. चिकटायची बाजू डोळ्यासमोर धरून प्रकाशात बघा, बांबू ठेवल्यावर कुठेही उजेड दिसता कामा नये. मग हॅक्सॉच्या पात्यानं दोन्ही बाजू उभ्या ओरखडा आणि थिनरनं पुसा. बांबू तेलकट असतो.

पांढरा सुतारी गोंद इथे नको. सततच्या ताणाखाली आणि उन्हाळ्याच्या तापात तो हळूहळू सरकतो. सावकाश वाळणारा, दोन डब्यांचा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांचा नको, तो ठिसूळ असतो आणि साडेसहा फूट लावेपर्यंत डब्यातच गोठतो.

एक सरळ जाड वासा घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांवर दीड इंच उंचीचे ठोकळे ठेवा. त्यावर धामण, तिच्यावर कळक, साल वर. मध्य खाली दाबून वाशाला आवळला की टोकं वर राहतात आणि धनुष्य पाठीकडे थोडं उलटं वाकलेलं चिकटतं. पुढे ते जो वाक धरणार आहे त्याची ही आगाऊ भरपाई. वीस-पंचवीस शिकंजे कुणाकडे असतात? सायकलच्या जुन्या ट्यूबा इंचभर रुंद पट्ट्यांत कापा आणि ताणून ताणून गुंडाळा. पंक्चरवाला पोतंभर ट्यूबा देतो आणि दाब शिकंज्यांपेक्षा सारखा बसतो. दोन दिवस हात लावू नका.

आकार

सुतळीला काव लावून पाठीवर मधोमध सूत मारा. या रेषेवर पुढचं सगळं अवलंबून आहे. मधल्या फूटभरात ११ सूत रुंदी ठेवा आणि तिथून टोकांकडे ४ सुतांवर उतरा. पोटाकडून गोलाई द्या. आडवा छेद मराठी 'ठ' सारखा गोल नको, पाठ किंचित फुगीर आणि पोट खोल गोल, रुंदी आणि जाडी जवळपास सारखी. वाकस (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) वापरता येत असेल तर सुरुवात त्यानं, मग रंधा, मग कानस.

इथे एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडी एक दशांशानं वाढली तर ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. उलट बाजूनं बघा: ३३ मिलिमीटरमधला एक मिलिमीटर जास्त गेला की सरळ चार किलो गेले. म्हणून इथून पुढे रंधा खाली ठेवायचा.

वाक जुळवणं

धनुष्य इथे घडतं आणि इथेच मोडतं. दोन्ही भुजा सारख्या, आणि प्रत्येक भुजा मुठीपासून टोकापर्यंत थोडी थोडी करत सगळीकडे वाकली पाहिजे. एकाच जागी जास्त वाकली तर सगळं ओझं तिथे जमतं, दाराच्या बिजागरीसारखं. मिरजेच्या सतारमेकरांकडे कुणी जवारी काढताना बघितलं असेल तर हे काम लगेच कळेल. घोडीवर कानशीचे दोन हात, तार लावून कान, पुन्हा दोन हात. ते कानानं बघतात, आपण डोळ्यानं.

आधी जमिनीवर. एक टोक पायाशी, मूठ हातात, दाब देऊन बघा. दोन्ही भुजा सारख्या जड वाटेपर्यंत कानस. मग भिंतीला एक भक्कम खुंटा ठोका, त्यावर धनुष्याची मूठ बसेल अशी खोबण, खाली जमिनीलगत विहिरीची जुनी कप्पी. धनुष्यापेक्षा थोडी लांब, सैल दोरी टोकांना लावा, तिच्यातून सुंभ कप्पीत घालून दहा फूट लांब उभं राहून ओढा. धनुष्याच्या खाली किंवा समोर कधीच नाही, आणि डोळ्यांना गॉगल. पोती मोजायचा १०० किलोचा हुकाचा काटा दोरी आणि सुंभाच्या मध्ये अडकवा. सुंभाच्या टोकाला लावला तर कप्पीचं घर्षणही मोजलं जातं. मागच्या भिंतीवर कोळशानं चौकटी आखा. मोबाईलवर फोटो काढून उलटा करून बघा. सुलटं बघताना नजर जे माफ करते ते उलट्या फोटोत लगेच टोचतं.

आता एकच नियम, आणि तो मोडला की धनुष्य गेलं: ठरलेल्या वजनापुढे कधीच ओढायचं नाही. ४५ किलो ठरवलेत ना? मग काटा ४५ दाखवेल तिथे थांबा, मग दोरी मुठीपासून फक्त १४ इंचांवर आलेली असो. उतरवा, ताठ जागा शोधा, तिथे खरवडा, वीस-पंचवीस वेळा हलकं ओढा म्हणजे लाकडाला बदल कळतो, पुन्हा बघा. वजन तेवढंच राहतं, अंतर इंच इंच वाढत जातं. सैल जागेला हात लावायचाच नाही. तिथे काढण्यासारखं काही नसतं, काढायचं असतं ते तिच्या दोन्ही बाजूंना.

ताठ जागा डोळ्यानं सापडत नसेल तर सहा इंचांचा सपाट लाकडी ठोकळा घ्या आणि त्याच्या मधोमध भोक पाडून पेन्सिलीचं टोक अगदी किंचित बाहेर काढा. धनुष्य अर्धवट ओढलेलं अडकवून ठेवा आणि ठोकळा पोटावरून लांबीनं सरकवा. जिथे पोट वाकलंय तिथे ठोकळा दोन टोकांवर टेकतो आणि पेन्सिल लाकडापर्यंत पोचत नाही. जिथे ताठ आहे तिथे रेघ उठते. रेघ उठलेलीच जागा खरवडा. हा ठोकळा माझ्याकडे दुसऱ्या धनुष्याच्या वेळी असता तर ते वाचलं असतं. वरच्या भुजेत एक बिजागरी दिसत होती, पण वजन घटेल म्हणून मी बाजूचं लाकूड काढायला कचरत होतो. २४ इंचांवर ते मोडलं. आवाज इतका मोठा झाला की शेजारचे सिलिंडर फुटला समजून बाहेर आले.

सैल दोरीवर टोकं आठ-नऊ इंच सारखी वाकू लागली की खरी, आखूड दोरी चढवा. आधी मुठीपासून तीन इंचच, दोन-चार दिवसांनी साडेसहा. चढवल्यावर बाजूनं बघा: खालची भुजा वरचीपेक्षा किंचित ताठ हवी, पाव इंचाच्या आत, कारण तीर मुठीच्या वरून सुटतो आणि हात खाली दाबतो. पूर्ण ओढल्यावर एकसंध कमान दिसली पाहिजे, मुठीतही अगदी थोडा वाक हवा.

मधल्या मुक्कामी एक आकडा उपयोगी पडतो. ३० इंचांवर ४५ किलो हवे असतील तर २० इंचांवर २७-२८ किलो दिसले पाहिजेत. तिथे ३५ दिसले तर अजून लाकूड आहे, २२ दिसले तर ४५ विसरा. जे वजन लाकूड देतंय त्यावर समाधान माना आणि तीर त्याला करा. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उठल्या तर लाकूड चिरडतंय. तेवढी जागा सोडून दोन्ही बाजूंनी काढा आणि वजन चार-पाच किलो खाली आणा.

२९ इंचांवर थांबा. शेवटचा इंच पहिले पन्नास-शंभर तीर सोडल्यावर आपोआप मिळतो.

टोकं, दोरी, पॉलिश

एवढ्या ताणाला दोरी नुसत्या लाकडाच्या खाचेत रुतते आणि टोक फाडते, म्हणून शिंगाची टोपी लागते. म्हशीच्या शिंगाचं भरीव टोक अडीच इंच कापा, त्यात अर्धा इंच व्यासाचं निमुळतं भोक पाडा, धनुष्याचं टोक त्याच मापाचं निमुळतं करा आणि इपॉक्सीनं बसवा. दोरीची खाच शिंगात, बाजूनं तिरकी, ३ मिलिमीटर. कानस मारताना केस जळल्यासारखा वास येतो, अंगणात बसा. बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग देणाऱ्या घरात हे काम का कोण जाणे जास्त मन लावून होतं.

दोरीला धनुर्विद्येच्या दुकानातला डॅक्रॉनचा धागा घ्या. एक पदर साधारण २२ किलो सोसतो. सुटताना दोरीवर ओढीपेक्षा कितीतरी जास्त झटका येतो, म्हणून १६ ते १८ पदर हवेत. मधल्या सहा इंचांवर आणि दोन्ही फाशांवर जाड दोरा घट्ट गुंडाळा.

पॉलिशला चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. चार-पाच पातळ हात, वर मेण. नुसतं जवसाचं तेल दिसायला सुंदर, पण हवेतला ओलावा ते अडवत नाही.

तीर

बहुतेक जण सहा महिने धनुष्यावर घालवतात आणि तीर एका दुपारी उरकतात. मग तीर वाकडे जातात आणि दोष धनुष्याला. त्याहून वाईट म्हणजे हलका किंवा मऊ तीर भारी धनुष्यावरून सुटताना मोडतो आणि त्याचा अर्धा तुकडा डाव्या हातात घुसतो. धनुष्याच्या दर किलोला तीराचं वजन निदान दीड ग्रॅम धरा. ४५ किलोला ६८ ते ७५ ग्रॅम. तीर न लावता दोरी सोडणं तर कधीच नाही. सगळी ताकद मग धनुष्यालाच सोसावी लागते.

कांडीला, म्हणजे तीराच्या दांड्याला, शिवण (हेही झाडच) उत्तम. हलकी, सरळ रेषेची, पावसाळ्यात फार न हलणारी. मेरी रोझवरचे बरेच तीर पॉप्लर जातीच्या हलक्या लाकडाचे होते, शिवण त्या मापात बसते. धामणीचे उरलेले तुकडेही चालतात, त्यांची कांडी ११ मिलिमीटर पुरते. शिवणीची १२ घ्या. लांबी ३१ इंच.

कांडीही फाडलेल्याच तुकड्यातून करायची. एका फळीत इंग्रजी व्ही आकाराची लांब खाच पाडा, त्यात १३ मिलिमीटरची चौकोनी काडी ठेवा आणि कोपरे रंध्यानं उडवा: चाराचे आठ, आठाचे सोळा, मग पॉलिश पेपर हातात गुंडाळून काडी त्यात फिरवत ओढा. मागचा एक तृतीयांश भाग साडेनऊ मिलिमीटरपर्यंत निमुळता करा. वाकडी असेल तर गॅसच्या मंद आचेवर वाक गरम करा, उलटा दाबा आणि थंड होईपर्यंत धरा.

मग ताठपणा मोजा. दोन खिळे ६६० मिलिमीटर अंतरावर, त्यांवर कांडी, मधोमध ९०७ ग्रॅम वजन, म्हणजे दोन पौंड. कांडी किती मिलिमीटर खाली गेली ते मोजा. ६६० ला त्या आकड्यानं भागलं की किती पौंडांच्या धनुष्याला ती साजते ते साधारण कळतं. साडेसहा-सात मिलिमीटर वाकली तर आपल्या १०० पौंडांच्या धनुष्याला बरोबर. दहा मिलिमीटर वाकली तर ती हलक्या धनुष्याला द्या. एका भात्यातले सगळे तीर एकमेकांच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणि वजनात चार-पाच ग्रॅमच्या आत असू द्या. बारा चांगले हवे असतील तर वीस कांड्या करा.

मागची खाच ३-४ मिलिमीटर रुंद, १२ खोल. तिच्याशी काटकोनात दीड-दोन इंच खोल चीर पाडून शिंगाची पातळ चिप चिकटवा. दोरीचा धक्का शिंगावर बसतो आणि कांडी उभी फाटत नाही. जुन्या इंग्रजी तीरांतही हीच युक्ती होती.

पिसं पाळीव हंसाची किंवा टर्कीची. मोराला हात लावू नका, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. एका तीराला तीन पिसं, तिन्ही एकाच पंखाची, सगळी डाव्या नाहीतर सगळी उजव्या. सरमिसळ केली की तीर हवेत गोंधळतो. लांबी सात इंच, उंची पाऊण. पिसाचा कणा मधोमध चिरून घासा, चिकटवा आणि वरून रेशमी दोरा इंचाला पाच वेढे देत, पिसाचे केस बाजूला करत गुंडाळा. हे काम शिकायला मला तीन संध्याकाळी आणि बऱ्याच शिव्या लागल्या. एक पीस खाचेशी काटकोनात, ते बाहेरच्या अंगाला.

टोकाला लेथवर काढलेलं १८-२० ग्रॅमचं साधं गोल निमुळतं लोखंडी टोपण पुरे. चिलखतं भेदायची नाहीत, गवताच्या गंजीतून तीर परत मिळवायचेत.

ओढायच्या आधी

हे धनुष्य पहिल्या दिवशी ओढता येणार नाही. तालमीतल्या एका पैलवान मित्रानं माझं घेतलं, नुसत्या दंडाच्या जोरावर ओढलं, १८ इंचांवर थरथरला आणि हसत परत दिलं. जोर पाठीच्या पाट्यांतून यावा लागतो. १५ किलोच्या धनुष्यापासून सुरुवात करा आणि दोन-तीन महिन्यांनी तीन-चार किलो वाढवत जा. मेरी रोझवरच्या काही सांगाड्यांच्या खांद्यांची हाडं लहानपणापासूनच्या ओढीनं बदललेली असावीत, असं अभ्यासकांना वाटतं. आपण पस्तिशीत सुरुवात करतोय, याची जाण ठेवा.

या धनुष्याचा ७० ग्रॅमचा तीर दोनशे मीटरच्या घरात जाऊ शकतो. म्हणून मोकळं माळरान, मागे उंच बांध किंवा टेकडी, आणि तीनशे मीटरपर्यंत माणूस-जनावर दिसत नाही याची खात्री. वर आभाळात कधीच सोडू नका. गावात पोलीस पाटलांना आणि ठाण्यात आधी सांगून ठेवलेलं बरं. शिकारीला बंदी आहे, त्यावर चर्चाच नाही.

उसाच्या शेजारी तर सरावच नको. आत कोण पाणी पाजत असेल सांगता येत नाही. माझा एक तीर गंजीच्या कडेला घासून बांधापलीकडच्या उसात गेला. नशीब, रान मोकळं होतं. दोन दिवस शोधून सोडून दिला. पौषात तोड आली तेव्हा तोडकऱ्यानं आणून दिला. पिसं उंदरांनी खाल्लेली, शिंग जागच्या जागी, आणि पावसाळाभर पाण्यात उभी राहिलेली कांडी इतकी वाकलेली की तो म्हणाला, "याला आता दोरी लावा."